ओसाड कोण म्हणतो?

मागच्या वर्षी आमच्या इतिहास विभागाची सहल जैसलमेरला गेली होती. सहलीचे वर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. ते याच अंकात दुसऱ्या कोणीतरी लिहिले असेल, आणि उंटावर बसलेल्या आमचे फोटोही छापले जातील. मला फक्त एका दुपारबद्दल लिहायचे आहे. जैसलमेरपासून अठरा-वीस किलोमीटरवर कुलधरा नावाचे एक गाव आहे. गाव म्हणजे आता नुसत्या भिंती. पालीवाल ब्राह्मणांची ही वस्ती एकोणिसाव्या शतकात ओस पडली. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून सारे गाव एका रात्रीत उठून गेले, असे तिथला वाटाड्या सांगतो. आटलेले पाणी आणि वाढलेले कर ही कारणे अभ्यासक सांगतात. कारण काहीही असो, त्या वाळूतल्या गल्ल्यांतून चालताना आमच्या पंचवीस जणांच्या घोळक्यात कोणी मोठ्याने बोलले नाही. ही चूल, हा उंबरा, हा पाण्याचा हौद असे आम्ही एकमेकींना दाखवत होतो. एका मैत्रिणीचे डोळे भरून आले. सर म्हणाले, "गाव समजून घ्यायचे तर पायांनी समजून घ्यायचे." मी ते वाक्य वहीत टिपून घेतले.

चार दिवसांनी पहाटे लालबागच्या पुलावरून टॅक्सीतून घरी येताना मला एक धुराडे दिसले. जन्मापासून पाहत आले आहे ते. त्याच्यामागे काचेचा एक उंचच उंच मनोरा उभा होता. मनात आले, हजार किलोमीटर जाऊन परक्यांचे ओस गाव पाहून रडलो, आणि आपल्या उशाशी जे गाव ओस पडले त्याची एकही गल्ली आपण कधी 'पाहण्यासाठी' म्हणून चाललो नाही. चाललो ती फक्त क्लासला जाण्यासाठी, दळण आणण्यासाठी किंवा गणपतीच्या रांगेत.

हे गाव म्हणजे गिरणगाव. भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि महालक्ष्मीपासून शिवडीपर्यंत पसरलेले. नकाशात हे नाव शोधून सापडणार नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढची सव्वाशे वर्षे कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली आणि हे गाव वसत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. माझे आजोबा त्या अडीच लाखांतले एक. ते मला आठवत नाहीत. त्यांचा डबा तेवढा आमच्या घरी आहे.

सहलीहून परतल्यावर आम्ही चार मैत्रिणींनी ठरवले की कुलधरा जसे पाहिले तसेच गिरणगाव पाहायचे, पायी. मी घरी म्हटले, "आपल्या इथल्या ओसाड गिरण्या पाहायला जाणार आहोत." आजोबांचे एक सोबती अजून आमच्या चाळीत राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, साचेखात्यात एकोणीस वर्षे काढलेले. ते दारात बसून ऐकत होते. म्हणाले, "ओसाड? अगं पोरी, वरच्या मजल्यावर लुगडी वाळत घातल्यात, ती दिसत न्हाईत व्हय? ओसाड कोण म्हणतो?" आणि मग, "कवा निघायचं? म्या येतो."

या लेखाचे शीर्षक त्यांचे आहे आणि त्यातला बराचसा विचारही.

आता माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच पान उलटावे. सध्या आपल्या शहरात वारसा पाहण्यासाठी पायी फिरण्याची चांगलीच लाट आहे. रविवारी सकाळी पांढरे बूट घातलेली मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून फोर्टात, खोताच्या वाडीत, अलीकडे परळ-लालबागातही दिसतात. मी त्यांची थट्टा करणार नाही. घरात बसून राहण्यापेक्षा चालणे केव्हाही बरे. परंतु माझी तक्रार अशी की या फेऱ्यांत आपण वास्तू पाहतो आणि वारसा तिथेच संपला असे समजतो. गिरणगावाच्या बाबतीत ही चूक फार मोठी आहे, कारण इथल्या वास्तू मालकांच्या होत्या. धुराडे मालकाचे, फाटक मालकाचे, फाटकावरचे घड्याळही मालकाचेच. कामगाराचे असे जे काही होते ते दगडाविटांत नव्हतेच. ते वेळेत होते, आवाजात होते, जेवणाच्या पंगतीत आणि झोपण्याच्या पाळीत होते. ते पाहायचे तर त्याच्या वाटेने, त्याच्या वेळेला आणि शक्य तर त्याला बरोबर घेऊन चालावे लागते. हे काम पैसे भरून येणारा पाहुणा करू शकणार नाही. ते आपल्यासारख्या, इथेच राहणाऱ्या आणि इथल्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींचे काम आहे आणि आपण ते करत नाही.

आमची पहिली फेरी सकाळी दहाला ठरली होती. आजोबा (त्यांना मी आजोबाच म्हणते) हसले. म्हणाले, "धाला कुठली गिरणी? सातला पयली पाळी." सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, आणि रात्री बारा ते सकाळी सात अशा तीन पाळ्या. म्हणून आम्ही साडेसहाला चिंचपोकळी स्टेशनच्या पूर्वेला उभ्या राहिलो. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आणि चालायला लागताच लक्षात आले की हा माणूस रस्ता डोळ्यांनी पाहतच नव्हता. "हितं भोंग्याचा पयला आवाज यायचा. म्हंजी चा प्यायला येळ हाय. दुसरा भोंगा म्हंजी पळा." कोणत्या गिरणीचा भोंगा जाड आणि कोणत्या गिरणीचा किनरा, हे ते तोंडाने आवाज काढून दाखवत होते. रस्त्याने जाणारी माणसे वळून पाहत होती आणि आमच्यातली एक जण लाजून मागे राहिली, हेही कबूल करते. ज्या आवाजावर लाखो माणसांनी आयुष्याचा वेळ मोजला, त्याची नोंद कोणत्या संग्रहालयात असेल?

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून आम्ही पुढे गेलो. मिरच्यांच्या खाटाने चौघीही शिंकत होतो. इथे आजोबा एका जिन्याशी थांबले. तिथे पाटी वगैरे काही नाही. पूर्वी वर एक बैठकीची खोली होती. बैठकीची खोली म्हणजे काय, हे आमच्यातल्या तिघींना माहीत नव्हते. एका गावची माणसे मिळून एक खोली भाड्याने घेत. बायकामुले गावी. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस-तीस गडी. सगळे एकाच वेळी झोपणे शक्यच नव्हते, पण पाळ्या तीन असल्यामुळे तशी वेळही येत नसे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. प्रत्येकाची ट्रंक भिंतीला, खुंटी ठरलेली, भाड्यात वाटा ठरलेला. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, नळपाणी, सगळ्याची वर्गणी इथून जाई. महाराष्ट्रातल्या किती गावांच्या शाळा लालबाग-परळच्या खोल्यांतून बांधल्या गेल्या याचा हिशेब कोणी केला तर तो ग्रामीण अर्थशास्त्राचा फार सुरेख प्रबंध होईल. आम्हांला अर्थशास्त्रात मँचेस्टरची औद्योगिक क्रांती आहे. परळ नाही.

जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. एखाद्या कामगाराची बायको आपल्याच खोलीत दहा-पंधरा जणांना महिन्याच्या बोलीवर जेवू घाली. पगार झाला की पैसे. संप झाला की उधारी. लांबलेल्या संपांत कामगार तग धरू शकले ते पुढाऱ्यांच्या भाषणांइतकेच या बायकांच्या उधारीवर, असे माझे मत आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. इतिहासाच्या पुस्तकात संपाचे प्रकरण असते तिथे खानावळवालीला एक ओळसुद्धा मिळत नाही. खुद्द गिरणीत १९२० च्या दशकात पाचांत साधारण एक कामगार स्त्री होती. पुढे ते प्रमाण घसरतच गेले. तरी 'गिरणी कामगार' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. माझ्याही आला होता. आजोबांनीच आठवण करून दिली की वाइंडिंग खात्यातल्या बायका त्यांच्यापेक्षा जोरात घोषणा देत.

तिथून गणेश गल्ली, बाजार आणि 'राजा'ची जागा. १९३२ मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद पडला, कोळी आणि किरकोळ विक्रेते रस्त्यावर आले, जागेसाठी नवस बोलले, आणि बाजाराला जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये हा गणपती बसला. आज दर्शनाला तासन् तास उभे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा नवस सोन्यानाण्याचा नसून मासळी आणि भाजी विकायला हक्काची जागा मिळावी एवढाच होता? मला तर वाटते, गिरणगावाची सगळी मागणी त्या नवसात आहे.

या गणपतीवरून एक विचार सुचतो. तो थोडा आडवळणाचा आहे, पण सांगते. मुंबईत गिरगाव आणि गिरणगाव ही दोन मराठी गावे. नावांत एका अक्षराचा फरक, पण एकमेकांकडे पाहण्याची नजर अगदी वेगळी. गिरगाव कारकुनांचे, मास्तरांचे, छापखान्यांचे आणि नाटकांचे. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती. कॉरोनेशनमध्ये १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि मॅजेस्टिकमध्ये १९३१ साली 'आलम आरा'. साहित्य संघही तिथेच. गिरगावच्या प्रत्येक वाडीला कोणी ना कोणी लेखक भेटला आणि त्याने तिच्यावर जीव लावून लिहिले. ते वाचूनच आमची पिढी गिरगावात न राहता गिरगावची आठवण काढायला शिकली आहे! गिरणगावाला मात्र नारायण सुर्वे, अण्णा भाऊ साठे यांच्यापासून जयंत पवारांपर्यंत थोडेच लेखक लाभले. ते मोठे लेखक खरे, पण वस्तीच्या मानाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. या दोन गावांना जोडणारी पायवाट कोणती? एक बाबू गेनूची. फिनिक्स गिरणीतला हा कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकखाली चिरडला गेला. दुसरी मोर्चांची. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी परळ-लालबागची माणसे चालतच फोर्टात जात. आणि तिसरी, अजून चालू असलेली, विसर्जनाची. लालबागहून निघालेला गणपती भायखळा, नागपाडा, दोन टाकी, सी. पी. टँक, ऑपेरा हाऊस असा रात्रभर चालत दुसऱ्या दिवशी गिरगावच्या चौपाटीवर पोहोचतो. गिरणगाव गिरगावाला भेटायला जाते ते वर्षातून या एकाच दिवशी. भायखळ्याला अग्निशमन दलाचे बंब भोंगा वाजवून मिरवणुकीला मानवंदना देतात. आजोबा दर वर्षी तिथपर्यंत चालतात आणि तो भोंगा ऐकून परत फिरतात. पुढे चौपाटीपर्यंत का जात नाही, असे मी विचारले. म्हणाले, "गुडघं."

परत मूळ वाटेवर येते. भारतमातावरून परळकडे जाताना आजोबा एकदाच थांबले, इंडिया युनायटेडच्या भिंतीशी. आमचे मोबाइल लगेच बाहेर आले. ते फोटोत यायला तयार झाले, पण धुराड्याकडे पाठ करून. आम्हांला वाटले उजेडासाठी. ते म्हणाले, "त्येच्याकडं बघून काय करू? त्यानं काय केलं माझ्यासाटनं?" वारशाविषयी मी आजवर ऐकलेली सर्वांत कडक टीका हीच.

दामोदर हॉलच्या जागेसमोर मात्र ते बराच वेळ उभे राहिले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह, १९२२ चे. कामगार रंगभूमी इथे वाढली. पाळी संपवून, हातपाय धुऊन, सुताचे तंतू केसांत तसेच असताना माणसे तालमीला येत. कोकणची मंडळे दशावतार आणि नमन करत, घाटावरची लोकनाट्य. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक याच परिसरातल्या मैदानांवर गर्जले. तमाशाचे फड लालबागच्या हनुमान थिएटरात उतरत. त्याचे पुढे मंगल कार्यालय झाले. दामोदर २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी बराच आवाज उठवला. आजोबांनी तिथे तीन नाटकांत काम केले होते, तिन्हींत हवालदाराचे. एका नाटकातला प्रवेश त्यांनी आम्हांला फुटपाथवर करून दाखवला. नाटक मुद्रित नाही, लेखक त्याच खात्यातला बदली कामगार होता, आणि ती वही त्याच्या घरच्यांनी रद्दीत घातली. त्या दिवशी फुटपाथवर जे दीड मिनिट झाले, ते त्या नाटकाचे कदाचित शेवटचे जिवंत रूप असेल. आमच्यातल्या एकीने ते मोबाइलवर घेतले. मागे बसचा हॉर्न आहे.

आतापर्यंत वाचून कोणी म्हणेल, झाले, हिला गिरणगावाचा पुळका आला. म्हणून पोयबावडीचे लिहिणे आवश्यक आहे. इथल्या बी.आय.टी. चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षे राहत होते. परदेशातून पदव्या घेऊन आलेला माणूस गिरणी कामगारांच्या शेजारी राहून कामगारांचा प्रश्न पाहत होता, आणि म्हणूनच इतरांना न दिसलेली गोष्ट त्यांना दिसली. साचेखात्यात पगार चांगला. पण तिथे धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणजे एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. या कारणास्तव अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात शिरूच दिले जात नसे, आणि अडवणारे मालक नव्हते तर शेजारच्या साच्यावरचे सवर्ण कामगार होते. १९२८ चा संप सहा महिने चालला. त्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. मी आजोबांना विचारले, तुमच्या वेळी कसे होते? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नंतर तसं नव्हतं." आणि दहा पावले चालून गेल्यावर, "पाण्याचा माठ मात्र येगळा बघितलाय म्या." हे त्यांनी आपणहून सांगितले याचे मला मोल वाटते. ज्या वाटाड्याला नुसते गोड सांगायचे असते तो हा माठ सांगणार नाही. पैसे भरून आलेला पाहुणा तो ऐकायलाही आलेला नसतो.

माझ्या एका वर्गमैत्रिणीचा आक्षेप याहून रोखठोक आहे. ती डिलाइल रोडच्या बी.डी.डी. चाळीत वाढली. ती म्हणते, "तुम्हांला चाळ आवडते कारण तुम्ही पहाटे पाचला सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिला नाहीत." हे खरे आहे आणि याला उत्तर नाही. १९२० च्या दशकातल्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरे येत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. त्या घरांत संडास घरात आहे. जिने आणि कठडे जपण्यासाठी बायकांनी रांगेत उभे राहावे असे म्हणणारा वारसाप्रेमी मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन. इमारती जाऊ देत. माझी धास्ती वेगळी आहे. इमारत पाडताना माणसे दोन-तीन वर्षे भांडुप, विरार, बदलापूर अशी विखुरतात. त्यांतली म्हातारी माणसे परत येतीलच असे नाही, आणि त्यांच्याबरोबर वाट जाते. कोणत्या जिन्यावर कोण राहत होते, भोंग्याचा आवाज कसा होता, माठ कुठे ठेवला होता, हे कोणत्याही नकाशात नाही.

आणि कामगाराच्या घराचे काय झाले हेही या फेरीत चालता चालताच दिसते. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन साधारण सारखे भाग व्हायचे होते. एक मालकाला, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला आणि एक घरांसाठी म्हाडाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या जमिनीची झाली. गिरणीच्या आवारात शेडच शेड, मोकळी जमीन ती किती असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. एका शब्दाच्या अर्थाने एक शहर कसे बदलते याचे हे उदाहरण. मराठीच्या तासाला शब्दशक्ती शिकवताना ते सांगायला हरकत नसावी. २०१२ मध्ये म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज मात्र जवळजवळ दीड लाख होते. आता शेलू आणि वांगणीला घरे देऊ म्हणतात. त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये म्हातारी माणसे पावसात आझाद मैदानावर बसली होती. आजोबा त्यांत होते. श्रीनिवास गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांकडे मान वर करून त्यांनी मजले मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले.

शेवटी बारादेवीला गेलो. हे ठिकाण फेरीत नव्हते, मीच हट्ट धरला. १९३१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना परळ गावात एक शिळा सापडली. सुमारे साडेतीन मीटर उंच, पाचव्या-सहाव्या शतकातली. एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा, आणि दोन्ही बाजूंना फांद्यांसारखे आणखी निघालेले अशा सात मूर्ती आणि पायाशी वाद्ये वाजवणारे गण. घारापुरीच्या तोडीचे हे शिल्प परळच्या वस्तीत आहे आणि आमच्या विभागातल्या साठ विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे, असे मी वर्गात विचारले तेव्हा दोन हात वर आले. बाकीच्यांनी त्याची प्रतिकृती संग्रहालयात पाहिली होती, तीही शाळेच्या सहलीत. आजोबांनी चपला काढून हात जोडले. मग गणांकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आमची माणसं. खाली बसून वाजवत्यात."

आता प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती. काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय होणार असे आपण कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. व्हावे, आनंद आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखती घेऊन केलेले पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. ते वाचावे. पण वाचून थांबू नये. तृतीय वर्षाला वीस गुणांचा प्रकल्प असतो आणि त्यासाठी दर वर्षी आपण शिवकालीन किल्ल्यांची तीच ती माहिती उतरवून काढतो. त्याऐवजी प्रत्येकाने एका माणसाची एक वाट चालावी. घर ते गिरणी, खानावळ ते मैदान, खोली ते तालीम. माणूस बरोबर असावा, वेळ त्याची असावी, आणि तो सांगेल ते त्याच्याच भाषेत, न सुधारता उतरवावे. वाटेचा हाताने काढलेला नकाशा सोबत जोडावा. वर्षाला साठ वाटा झाल्या तर पाच वर्षांत तीनशे. त्यांची एक वही ग्रंथालयात ठेवावी, काचेच्या कपाटात नव्हे, टेबलावर. ज्यांचे घर गिरणगावात नाही त्यांनी गिरगावच्या छापखान्यातला जुळारी शोधावा, दादरच्या बाजारात पहाटे फुले विकणारी मावशी शोधावी. वाटा सगळीकडे आहेत.

हा प्रस्ताव मी विभागात मांडला तेव्हा एका सरांनी विचारले, की याला संदर्भग्रंथ कोणते देणार? प्रश्न योग्यच आहे. मी आजोबांना तो सांगितला. त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचे कार्ड, सोडतीच्या अर्जाची पावती आणि हवालदाराच्या वेषातला त्यांचा एक फोटो होता. "ह्ये चालंल का इचार तुज्या सरास्नी," म्हणाले. त्या सगळ्याच्या छायाप्रती मी काढून विभागात दिल्या आहेत.

दुसरी फेरी येत्या रविवारी, काळाचौकीची. साडेसहाला, चिंचपोकळी स्टेशनच्या पूर्वेला. आजोबांना उशिरा आलेले चालत नाही.